टॅरोचे डेक, पिक ग्लास आणि माझा खर्च

पहिल्यांदाच सांगून टाकते, मी टॅरो बघत नाही. कुणाचं लग्न कधी जमणार, कुणाची बदली कुठं होणार, यातलं मला काही कळत नाही आणि कळून घ्यायची हौसही नाही. मी डेक जमवते, म्हणजे टॅरोच्या चित्रांच्या पत्त्यांचे संच. हे दोन वेगळे उद्योग आहेत हे जुळे सोलापुरातल्या आमच्या गल्लीत कुणालाच पटत नाही, त्यामुळं हळदीकुंकवाला गेलं की वाण हातात पडायच्या आधीच कुणीतरी तळहात पुढं करतं, ताई जरा बघा ना आमच्या पोराचं. अहो हात नाही, पत्ते असतात ते, आणि तेही घरी कपाटात आहेत.

दुसरं म्हणजे खर्च. लई खर्च केलाय. एका डेकला घातलेल्या पैशात बऱ्यापैकी वॉशिंग मशीन आली असती, हे वाक्य माझं नाही, आमच्या ह्यांचं आहे, आणि मशीन बिघडली की ते हमखास परत ऐकायला मिळतं. मी ऐकून घेते आणि मेकॅनिकला फोन लावते.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-नॅपकिनच्या एका कारखान्यात डिझाइनला आहे. बाबा जकार्डची कार्डं पंच करायचे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, चादरीवरचा मोर किंवा वेलबुट्टी आधी ग्राफ पेपरवर चौकटी भरून काढतात, मग त्यातल्या एकेका ओळीचं एकेक पुठ्ठ्याचं कार्ड पंच होतं, जिथं भोक तिथं ताण्याचा धागा उचलला जातो, नाही तिथं खाली राहतो, आणि अशी शेकडो कार्डं दोऱ्यानं एकमेकांना ओवून मागाच्या डोक्यावर टांगलेली असतात. आता बऱ्याच ठिकाणी इलेक्ट्रॉनिक जकार्ड आलं, डिझाइन पेन ड्राइव्हवर जातं, पण कार्ड हातात आलं की आधी कड बघायची, मग वाकवून बघायचं, मग उजेडासमोर धरायचं, ही सवय आमच्या घरातली आहे. टॅरोच्या नादाला मी लागले ते भविष्यापायी नाही, पुठ्ठ्यापायी.

पहिला डेक मावसबहिणीनं पुण्याहून आणून दिलेला, साधा, कुठंही मिळतो तसला रायडर-वेट. तिला वाटलं मी चित्रं बघून काहीतरी डिझाइन काढेन. मी चित्रं बघितली आणि मग ती कुणी काढली ते शोधायला बसले. हा डेक १९०९ साली लंडनच्या विल्यम रायडर अँड सन यांनी काढला, कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची आणि चित्रं पामेला कोलमन स्मिथ या बाईंची, सगळी ७८. आज बाजारात जे टॅरो दिसतात त्यातले बरेचसे याच बाईंच्या चित्रांवर बेतलेले असतात आणि वर्षानुवर्षं डेकच्या नावात बाईंचं नावच नव्हतं, प्रकाशकाचं आणि वेट साहेबांचं होतं. त्यांनी १९०९ मध्येच न्यूयॉर्कचे फोटोग्राफर अल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांना पत्रात कळवलं होतं की मोठं काम संपवलंय आणि पैसे मात्र अगदी थोडे मिळालेत. १९५१ मध्ये कॉर्नवॉलला वारल्या तेव्हा डोक्यावर कर्ज होतं, सामान विकून ते फेडावं लागलं. आता मी रोज पीस रेटवर शिलाई करणाऱ्या बायकांच्या शेजारी बसते, नगाला किती आणि दिवसाला किती नग हा हिशेब माझ्या कानावर सकाळ-संध्याकाळ असतो, त्यामुळं हे वाचून मला फार काही नवीन वाटलं नाही, फक्त राग आला. तेव्हापासून माझं एक ठरलेलं आहे की पैसे उधळायचेच असतील तर ते ज्याच्या हातानं काम झालं त्याच्या हातात पडले पाहिजेत.

इथंच जमवणाऱ्या लोकांशी माझं वाजतं. दुर्मिळ आणि हाताने केलेला, हे दोन शब्द विकणारे असे मिसळून टाकतात की घेणाऱ्याला वाटतं दोन्ही एकच. लिमिटेड एडिशन म्हणजे काय, तर ऑफसेटवर, म्हणजे कारखान्यातल्या छपाईच्या मशीनवर, छापायचे, कडांना सोनेरी फॉइल लावायची, खोक्यावर नंबर टाकायचा आणि अमुक इतकेच काढू म्हणून जाहीर करायचं. झाला दुर्मिळ. दुसरा प्रकार आउट ऑफ प्रिंट, ज्याला सगळे ओओपी म्हणतात, म्हणजे डेक साधाच होता पण छपाई बंद झाली आणि ज्यांच्याकडे शिल्लक त्यांनी भाव चढवला. तिसरा प्रकार क्राउडफंडिंगचा, चित्रकार आधी पैसे गोळा करतो, मग छापतो, आणि त्यातले काही जण खरंच जीव ओतून काम करतात, माझ्याकडे असले दोन-तीन आहेत आणि ते मला आवडतात पण छापले गेलेत कारखान्यातच. हाताने केलेला म्हणजे ज्याच्यात लिनोचा ठसा कुणीतरी कोरलाय, किंवा लेटरप्रेसवर, म्हणजे ठसा दाबून छापायच्या मशीनवर, एकेक रंग दाबलाय, किंवा स्टेन्सिल ठेवून ब्रशनं रंग भरलाय, किंवा सरळ कार्डावर रंगवलंय. यांची किंमत जास्त असणारच, त्याला माझी ना नाही. पण पहिल्या दोन प्रकारांना पाचपट पैसे का द्यायचे ते मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

तर ओळखायचं कसं. याला माझ्याकडे पिक ग्लास आहे, टेक्स्टाइलमध्ये प्रत्येकाच्या खिशात असतो, घडीचं छोटं भिंग, खाली एक इंचाची चौकट, कापडावर ठेवायचं आणि इंचात ताण्याचे किती धागे, बाण्याचे किती ते मोजायचं. हाच ग्लास मी कार्डावर ठेवते. ऑफसेटवर छापलेलं असेल तर लगेच कळतं, निळे, गुलाबी, पिवळे, काळे बारीक ठिपके आणि त्यांची फुलासारखी गोल गोल रचना, कातडीचा रंगसुद्धा ठिपक्यांचाच. इंकजेट असेल तर ठिपके आणखी बारीक आणि कसेही शिंपडल्यासारखे, रचना नाही. लेटरप्रेस किंवा ठशाचं काम असेल तर ठिपके नाहीतच, शाई सलग, आणि रेघेच्या कडेला शाई दाबानं बाहेर सरकून एक गडद किनार तयार झालेली, कागद उलटा करून बोट फिरवलं तर कधीकधी दाब लागतोसुद्धा. आणि स्टेन्सिलचं काम सगळ्यात मजेशीर. ब्रश ज्या दिशेनं ओढला त्या दिशेच्या रेषा दिसतात, कापलेल्या कडेशी रंग साचून गडद झालेला असतो, आणि रंग काळ्या रेघेच्या आत बसलेला नसतो, कुठं अर्धा मिलिमीटर बाहेर, कुठं कमी पडलेला. आमच्या प्रिंटिंग खात्यात रजिस्टर, म्हणजे रंगाची जागा, असं हललं तर माल सेकंड्समध्ये, म्हणजे दुय्यम मालात, जातो. इथं त्याच्याच जिवावर किंमत आहे. मला हे फार भारी वाटतं, दिवसभर ज्याच्यासाठी मी लोकांना झापते त्यालाच संध्याकाळी पैसे मोजते.

हा ग्लास एकदा चांगलाच कामी आला. परदेशातल्या एका विक्रेत्याकडून हाताने छापलेला म्हणून २२ कार्डांचा सेट घेतला, म्हणजे फक्त मेजर आर्काना, टॅरोतली २२ चित्रांची कार्डं, उरलेली ५६ चार रंगांची असतात, आपल्या पत्त्यांसारखी, फक्त राजा-राणीबरोबर घोडेस्वार जास्तीचा. फोटो सुंदर होते, लाकडी पाटीवर ठेवलेली कार्डं, बाजूला वाळलेली फुलं, शाईनं माखलेला एक हात. सेट आला, ग्लास ठेवला, सगळीकडे शिंपडलेले ठिपके. घरच्या प्रिंटरवर काढून कोपरे गोल करायच्या पंचनं कापलेला. मी ग्लासमधून मोबाइलनं फोटो काढले, पाठवले, आणि म्हणलं की याच्यात ठसा कुठाय ते दाखवा. आधी उत्तर आलं की डिझाइन हाताने काढलंय. बरं, मग छापलेला म्हणून का लिहिलंत? चारपाच मेल झाले, मग निम्मे पैसे परत आले. निम्मे बुडाले. तो सेट मी पोरीला खेळायला दिला, तिनं त्याचा दुकान-दुकानचा माल केला, सूर्य दहा रुपयाला आणि सैतान पाच.

नकली डेक हा आणखी वेगळा त्रास, पण त्यात फार शिरत नाही. मूळ दोन-तीन हजारांचा डेक सहाशेला दिसला, खोकं तळहाताएवढं, आत पुस्तिकेऐवजी क्यूआर कोड, तर समजून जायचं की कुठल्यातरी चित्रकाराचं पोट मारलंय.

आता तो वॉशिंग मशीनवाला डेक. मिलानमध्ये इल मेनेगेल्लो नावाचं डेक काढणारं घर आहे, ओस्वाल्दो मेनेगाझ्झी यांनी सुरू केलेलं, ते जुन्या इटालियन डेकच्या छोट्या आवृत्त्या काढायचे. मी घेतला तो सोप्राफिनो, मूळ नक्षी १८३५ च्या आसपासची, मिलानच्या गुम्पेनबर्ग या पत्तेवाल्यासाठी कार्लो देल्ला रोक्का यांनी खोदलेली. सोप्राफिनो म्हणजे अतिबारीक, आणि रेघा खरंच तशा आहेत. बदामाच्या जागी पेले, तर त्या पेल्यांवरची नक्षी एवढी की पिक ग्लासशिवाय कळत नाही, जादूगाराच्या मेजावर तर नुसता पसारा आणि तो गडी इतका खुशालचेंडू दिसतो की तो जादूगार नसून आमच्या मंगळवार पेठेतला मुरलेला विक्रेता वाटतो. खोकं हाताने केलेलं, त्यावर लाखेचा शिक्का, आत नंबर आणि सही. हा ओओपी पण आणि हाताचा पण, म्हणजे दोन्ही रोग एकत्र, त्यामुळं किंमत तशीच. इटलीतल्याच एका म्हाताऱ्या संग्राहकाकडून घेतला, तो विकत होता कारण त्याच्या पोरांना त्याच्यात रस नव्हता. त्यानं मला चार प्रश्न विचारले, तुम्ही पत्ते वाचता का, किती वर्षं जमवताय, कुठं ठेवणार, आणि शेवटी, तुमच्याकडे उंदीर आहेत का. मी खरं सांगितलं की उंदीर नाहीत, कसर आहे, आणि कसरीसाठी काय करते ते पण सांगितलं. त्याला ते आवडलं असावं, पाठवणावळ त्यानं घेतली नाही.

पैसे पाठवणं हे एक स्वतंत्र काम आहे. बँकेच्या कार्डवर फॉरेन मार्कअप, म्हणजे परकी चलनाचा जादा आकार, लागतो, त्यावर जीएसटी, म्हणजे युरोचा जो दर गुगलला दिसतो त्याच्यात आपण नसतोच. एकदा बँकेनं व्यवहार अडवला आणि फोन आला, मॅडम तुम्ही इटलीत काही खरेदी केलीय का, मी म्हणलं हो, काय, मी म्हणलं पत्ते. पलीकडे जरा शांतता. मग बहुतेक त्या पोरानं जुगाराची कुठली साइट नाही ना हे खात्रीनं विचारायला सुरुवात केली आणि मला टॅरोचा अख्खा इतिहास सांगावा लागला, तोही ऑफिसच्या जिन्यात उभं राहून, येणारे-जाणारे ऐकत होते.

मग कस्टम्स. पार्सल मुंबईला येतं, तिथं थांबतं, कुरियरनं आलं असेल तर केवायसी मागतात, आधार अपलोड करा, सामान काय आहे ते लिहून द्या, पैसे दिल्याचा पुरावा द्या. पोस्टानं आलं तर मुंबईच्या फॉरेन पोस्टात ड्युटी लागते आणि ती आपण डिलिव्हरीच्या वेळी भरायची. मी प्रत्येक विक्रेत्याला आधीच सांगून ठेवते की बिल खरं लावा, कमी किमतीचं लावू नका आणि गिफ्ट म्हणून तर अजिबात लिहू नका. बरेच जण उपकार म्हणून लिहितात. पण भेटवस्तू म्हणून आलं की ड्युटी माफ, ही सोय २०१९ च्या शेवटी गेली, राख्या आणि जीवरक्षक औषधं सोडून, आणि बिल कमी दाखवलेलं पार्सल हरवलं तर भरपाई पण तेवढीच मिळणार. त्यामुळं मी डेकची किंमत मनात धरतानाच ड्युटीसकट धरते, म्हणजे नंतर छातीत कळ येत नाही.

आमचे पोस्टमन काका मात्र भला माणूस. पार्सलवर कस्टम्सचं लेबल असतं आणि त्यावर मोठ्या अक्षरात प्लेइंग कार्ड्स. पहिल्यांदा त्यांनी सही घेताना हळूच विचारलं, ताई, साहेब खेळतात का? पुढच्या वेळी पण तेच लेबल, इटलीचं तिकीट, आणि हजारोंची ड्युटी रोख. तिसऱ्या खेपेला त्यांनी स्वतःच शेजारच्या अक्कांना सांगून टाकलं की जुगार नाही हो, देवाधर्माचं काहीतरी आहे. अक्कांनी ते सासूबाईंना सांगितलं. सासूबाईंना मी आधी सांगितलं होतं की ऑफिसची सॅम्पलं आहेत. मग मी त्यांना बसवून एकेक कार्ड दाखवलं, ही सम्राज्ञी, हा रथ, ही तराजूवाली न्यायदेवता, त्यांनी सगळं बघितलं, मृत्यूचं कार्ड आलं तेव्हा ते पालथं घालून बाजूला ठेवलं, आणि एवढंच म्हणाल्या की अमावस्येला कपाट उघडत जाऊ नकोस. हे मी पाळते. कशाला वाद.

ह्यांच्याशी वाद घालायला मात्र माझ्याकडे एक हुकमी पत्ता आहे, फिलिप्पो मारिया व्हिस्कोंती. मिलानचा ड्यूक, १४४७ मध्ये वारला. त्याचं चरित्र त्याच्याच चिटणिसानं, देचेम्ब्रियोनं, लिहून ठेवलंय आणि त्यात येतं की देवांची आणि पक्ष्यांची चित्रं असलेल्या एका पत्त्यांच्या संचासाठी ड्यूकनं १,५०० सोन्याची नाणी मोजली. पत्त्यांना! सोन्याची! मी बावीस हजार रुपये दिले तर एवढं काय. ह्यांचं म्हणणं, तो ड्यूक होता आणि त्याला घराचा हप्ता नव्हता. हे पण खरंय. त्या घराण्यासाठी पुढं केलेला एक संच, व्हिस्कोंती-स्फोर्झा म्हणतात तो, १४५० च्या सुमाराचा, त्यातली ७४ कार्डं आज शिल्लक आहेत आणि ती न्यूयॉर्कचं मॉर्गन ग्रंथालय, बेर्गामोचं अकादमिया कारारा आणि तिथलंच कोल्लेओनी कुटुंब अशी वाटली गेलीत. सोन्याच्या वर्खावर ठोकून नक्षी केलीय आणि कार्डांच्या वरच्या कडेला टाचणीची भोकं आहेत, म्हणजे कुणीतरी ती भिंतीला टोचून लावली असावीत. एवढी सोन्याची कार्डं भिंतीला टाचणीनं. मला त्या माणसाचं कौतुक वाटतं, मी तर कॉटनचे हातमोजे घालून बघते.

आपल्याकडची एक गोष्ट मात्र मला फार उशिरा कळली. थॉथ नावाचा प्रसिद्ध डेक आहे, इंग्लंडमधल्या गूढविद्येच्या नादातल्या अलिस्टर क्राउलीचा, त्याची चित्रं लेडी फ्रीडा हॅरिस यांनी १९३८ ते १९४३ अशी पाच वर्षं खपून काढली. नवरा गेल्यावर या बाई भारतात आल्या आणि १९६२ मध्ये श्रीनगरला वारल्या. पत्त्यांचा डेक म्हणून ती चित्रं पहिल्यांदा नीट छापून बाहेर आली १९६९ ला. परत तेच, चित्रं काढणारी बाई आणि हातात काही नाही.

ठेवायचं कसं हे सोलापूरकरांसाठी वेगळं लिहावं लागेल. एप्रिल-मेमध्ये ४२-४३ डिग्री असतं, हवा इतकी कोरडी की एका बाजूनं लॅमिनेट केलेली कार्डं पापडासारखी वळतात, आणि पावसाळ्यात परत सरळ होतात, मग परत वळतात. चांगल्या स्टॉकची, म्हणजे चांगल्या पुठ्ठ्याची, दोन्हीकडून सारखी कोट केलेली कार्डं कमी वळतात, जुन्या पद्धतीची तीन-चार कागद खळीनं चिकटवून केलेली तर आणखी कमी. पण खळ म्हणजे कसरीला आमंत्रण. वरच्या मजल्याचं कपाट मी बंद केलं कारण गच्ची तापते, आता खालच्या खोलीत उत्तरेच्या भिंतीला लोखंडी कपाट आहे. प्रत्येक डेक आमच्याच कारखान्याच्या सेकंड्समधल्या धुतलेल्या नॅपकिनमध्ये, धुतलेल्या यासाठी की नव्या कापडाची कांजी राहिली तर कसर पहिल्यांदा तिथं येते. डांबराच्या गोळ्या कपाटाच्या तळाला, वेगळ्या पुरचुंडीत, कार्डाला टेकू द्यायच्या नाहीत. सिलिका जेल फक्त पावसाळ्यात, उन्हाळ्यात काढून ठेवायचं, एवढ्या कोरड्या गावात ते ठेवून कागद आणखी कडक करायचा म्हणजे कमाल आहे, पण परदेशी लोकांचं वाचून आपले लोक बाराही महिने ठेवतात.

एवढं सगळं युरोपचं झाल्यावर मला सावंतवाडीचा गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, सुचला यात माझी काही हुशारी नाही. टॅरोचे जे चार रंग आहेत, पेले, नाणी, तलवारी, काठ्या, ते युरोपात इजिप्तच्या मामलूक सुलतानांच्या काळातल्या पत्त्यांवरून गेले, त्यांचा एक संच इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात आहे, आणि तिथल्या काठ्या म्हणजे पोलो खेळायच्या काठ्या आहेत. गंजिफा इकडे आला तो इराणच्या बाजूनं, बाबरानं १५२७ मध्ये सिंधच्या शाह हुसेनला गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. म्हणजे मी मिलानपर्यंत फोन करत होते आणि याच खेळाची चुलत भावंडं आंबोली घाटाखाली बसली होती.

मग कोल्हापूर गाठलं, तिथून आजरा, आंबोली करत एसटीनं खाली. सावंतवाडीच्या राजवाड्यात आजही कारागीर बसून गंजिफा रंगवतात आणि आपल्याला बघू देतात. ही कला पार मोडीत निघाली होती, सावंतवाडी संस्थानचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवींनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जुने कारागीर पुंडलिक चितारी यांना हाताशी धरून ती परत सुरू केली. दशावतारी गंजिफ्यात १२० पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. सगळे गोल. मी एका ताईंच्या समोर बराच वेळ बसले. त्या डाव्या हातात पत्ता धरतात आणि ब्रश फार हलवतच नाहीत, पत्ताच फिरवतात, म्हणजे काठाची गोल रेघ येते ती मनगट न हलवता. माशाच्या रंगातले मासे काढत होत्या, एकेका माशाला तीन फटकारे, पाठ, पोट, शेपूट, मग सगळे वाळले की डोळे. सगळ्या पत्त्यांवरच्या सगळ्या माशांचे डोळे एकदम शेवटी. मी पिक ग्लास काढला तशा हसल्या, म्हणाल्या, काय मोजतालास? मग त्यांनीच मागून घेतला आणि स्वतःचं काम त्याखाली बघितलं आणि एका माशाचा डोळा परत केला. मी तो संच घेतला. किमतीबद्दल घासाघीस केली नाही, रोज नगाचा भाव पाडणाऱ्या लोकांमध्ये बसून संध्याकाळी आपणच ते करायचं म्हणजे अवघड आहे.

पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. गंजिफ्याच्या पद्धतीनं २२ गोल टॅरो कार्डं का नको? सावंतवाडी परिसरातलेच एक चित्रकार आहेत, स्वतंत्र काम करतात, त्यांचं नाव इथं घालत नाही कारण त्यांच्याकडे आधीच काम जास्त आहे. त्यांना सगळी २२ चित्रं प्रिंट काढून पाठवली. त्यांनी जुन्या रीतीनं करायचं कबूल केलं, कापड आणि कागद चिंचोक्याच्या खळीनं चिकटवायचं, घोटायचं, गोल कापायचं, रंगवायचं, वरून लाखेचा हात. मी उन्हाचं विचारलं, आमच्याकडे ४३ डिग्रीत लाख मऊ पडून पत्ते एकमेकांना चिकटतील का, तर म्हणाले एकावर एक घट्ट दाबून ठेवू नका, मध्ये पातळ कागद घाला आणि उन्हाच्या भिंतीला कपाट नको. तेवढं माझं आहेच.

चित्रांवरून मात्र गाडी अडते. दर दोन-चार दिवसांनी व्हॉट्सॲपला काहीतरी येतं. टांगलेल्या माणसाचं कार्ड बघून पहिला फोन, ताई, ह्यो उलटो कित्याक टांगलो? फाशी दिली तर मान वर असते. मी सांगितलं की इटलीत जुन्या काळी फितूर माणसाचं असं पायाला बांधून उलटं चित्र काढायचे, बदनामी करायला. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, म्हणजे आपल्याकडे गाढवावर बसवतात तसा. मग गाढव काढू का? मी म्हणलं नको, उलटाच राहू दे, पण धोतर नेसवा. धोतर खाली लोंबेल की, उलटा आहे ना. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शेवटी कासोटा घट्ट मारून, उपरण्याचं टोक खाली असं ठरलं आणि चित्र इतकं झकास आलंय की मी ते ऑफिसला सगळ्यांना दाखवलं. बुरुजावर वीज पडते त्या कार्डात त्यांनी परस्पर आमच्या भुईकोट किल्ल्याचा बुरूज घातला, मी सोलापूरची म्हणून, फोटो नेटवरून शोधला होता. चंद्राच्या कार्डात तळ्यातनं खेकडा वर येतो तो त्यांनी असा काढलाय की सरळ कालवणात जाईल, कोकणातला माणूस, त्याला खेकडा नीट माहीत आहे.

पैशाचं असं ठरलंय की तिसरा हिस्सा आधी, तिसरा अकरा कार्डं झाली की, उरलेले हातात पडल्यावर. पहिले दोन गेलेत. नगावर दर आहे आणि तो त्यांनीच सांगितलाय. ह्यांना आकडा सांगितला तेव्हा ते मशीनपाशीच उभे होते, काही बोलले नाहीत, मशीनचं झाकण दोनदा उघडून बंद केलं.

आता मृत्यूच्या कार्डापाशी काम थांबलंय. मूळ चित्रात सांगाडा असतो, रायडर-वेटमध्ये पांढऱ्या घोड्यावर बसलेला. चित्रकार म्हणाले सांगाडा मी काढणार नाही, लाखेखाली घालून घरात ठेवायची ती वस्तू नव्हे, यम काढतो, रेड्यावर बसलेला, पाश हातात. मला पटलं, सासूबाईंना पण हे कार्ड पालथं घालावं लागणार नाही. काल रात्री त्यांचा व्हॉइस मेसेज आला, ताई, रेडो काळो आसा, काळ्यावर काळ्या लाखेचे तीन हात द्यावे लागतील आणि अंगावरचे केस पांढऱ्यानं एकेक काढायचे, त्या एका कार्डाचे दोनशे जास्त होतील, चलेल का? मी म्हणलं चालेल, शिंगं जरा मोठी काढा.